इनास अंकलचं स्पेशल रीझन

बहारीन, दारू आणि इंग्लंडचं कोर्ट. तिन्ही गोष्टी एका दमात ऐकल्या म्हणजे तुम्ही आता मांडी ठोकून बसला असणार. मनात म्हणत असणार, येऊ दे, आता एक बेवडा येणार. गुरुवारी ऑफिस सुटलं की बाटली उघडणार, गावाकडची आठवण काढून रडणार आणि मग कुठंतरी गाडी घालणार. सॉरी बरं का. माझ्याकडचा माणूस डाळिंबाच्या सरबतापलीकडे जात नव्हता. बेवडा पाहिजे असेल तर तुमच्या ओळखीतला एखादा धरा, मिळेलच. मी सांगणार आहे ते दारू पकडणाऱ्याबद्दल.

इनास अंकल. वसईचे ख्रिस्ती, साठीला आलेले, बुटके, पोट पुढं आणि चष्मा त्याच्याही पुढं. बहारीनमध्ये सित्राला आमच्या कंपनीचं बस यार्ड आहे, तिथं ते ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. कामगारांना कॅम्पातून उचलून साइटवर सोडायचं आणि संध्याकाळी परत आणून टाकायचं, हे आमच्या बसचं काम. पहाटे बस सुटायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरनं अंकलसमोर उभं राहायचं आणि त्यांच्या हातातल्या छोट्या मशीनमध्ये फुंकायचं. आकडा शून्य आला तर किल्ली मिळायची. नाही आला तर घरी. रिफायनरीचा वास, थंडगार तारेचं कुंपण, आणि लायनीत उभे राहून फुंकणारी माणसं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, फुगे फुगवायची स्पर्धा आहे.

अंकल कुणालाच नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. "ए सियालकोट, जोरसे फूंक, बीवीको फोन नहीं करता है तू." "ए कोल्लम, मुंहमें क्या है? निकाल." मी बार्शीचा, म्हणून मी 'बार्शी'. मी तिथं क्लार्क होतो, कुठल्या बसमध्ये कोण बसणार ते कॉम्प्युटरवर टाकायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याही तोंडासमोर मशीन धरलं.

"अंकल, मी गाडी चालवत नाही."

"खुर्ची चालवतोस ना? फुंक."

मला आवाज काढायची खोड आहे. शाळेत हेडसरांचा आवाज काढून अख्ख्या शाळेला सुट्टी दिली होती आणि त्याबद्दल ग्राउंडवर सगळ्यांसमोर छड्या खाल्ल्या होत्या. बहारीनला आल्यावर आठवड्याभरात मी आमच्या गोऱ्या मॅनेजरचा आवाज उचलला. तो इंग्लंडचा. प्रत्येक वाक्याआधी 'राइट देन' म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला राइट-देनच म्हणायचो. एकदा मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या आवाजात ओरडलो, "राइट देन, व्हेअर इज बस नंबर फोर?" तर अंकल हातातला घास टाकून धावत बाहेर गेले. परत आले, माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता माझं खलास. पण ते शांतपणे बसले आणि म्हणाले, "गळा चांगला आहे. डोकं नंतर येईल."

मी राहायलाही त्यांच्याकडेच. ईसा टाउनला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मुलगी तिथल्या इंडियन शाळेत जायची तेव्हा घेतलेला. आंटी वारल्या, मुलगी नर्स होऊन इंग्लंडला गेली, आणि तिची खोली मला भाड्यानं मिळाली. कपाटाला अजून शाळेच्या बसचं स्टिकर होतं. एसीमुळं खिडक्या कायमच्या बंद, बाहेर बघायला समोरच्या बिल्डिंगची भिंत. खोली देताना अट एकच, "इथं बाटली आली तर बाटली आतच राहील आणि तू बाहेर."

आता स्पेशल रीझनचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय अंकल कळणार नाहीत.

राइट-देननं एकदा सगळ्या सुपरवायझरांचं ट्रेनिंग घेतलं होतं. त्यात त्यानं स्वतःचीच गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये तो एकदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होता. तिथं दोषी ठरलात की लायसन्स कमीत कमी एक वर्ष जातंच, कोर्टाला कितीही दया आली तरी. वाचायचा रस्ता एकच, स्पेशल रीझन. कुणी तुम्हाला न सांगता तुमच्या ग्लासात दारू मिसळली असेल. कुणाचा जीव जात असेल आणि दुसरं कुणीच गाडी न्यायला नसेल. नाहीतर गाडी नुसती चार हात सरकवली असेल आणि कुणालाही धोका नसेल. आणि हे तुम्हीच सिद्ध करायचं. तेवढं करून गुन्हा पुसला जात नाही, फक्त लायसन्स वाचू शकतं. वाचू शकतं, वाचेलच असं नाही. राइट-देननं कोर्टाला सांगितलं होतं की माझी नोकरी जाईल, बायको सोडून जाईल. कोर्ट म्हणालं, हे तुमच्याबद्दल झालं. जे घडलं त्याच्याबद्दल सांगा.

त्याचं लायसन्स गेलं. बायकोचं त्यानं सांगितलं नाही.

बाकीचे सुपरवायझर समोसे खाऊन घरी गेले. अंकल मात्र ते वाक्य घेऊन घरी आले. कारण घटनेचं पाहिजे, माणसाचं नको. दुसऱ्या दिवसापासून यार्डात तोच कायदा.

"चाचा, कल भाई की शादी थी."

"वो तेरा रीझन है. रोड का रीझन बोल."

"चाचा, खांसी की दवा ली थी."

"बोतल पे लिखा है ना क्या है उसमें? पढके पिया. घर जा."

ड्रायव्हर त्याला 'पेशल रीजन' म्हणायचे. आणि अंकल ते कुठंही लावायचे. मला उठायला उशीर झाला, "बार्शी, स्पेशल रीझन?" भात करपला, "स्पेशल रीझन?" इकडं रविवारी ऑफिस असतं म्हणून शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं, तिथं एकदा फादरच उशिरा आले. अंकल पुटपुटले, "विचारू काय?" मी त्यांचा शर्ट धरून ठेवला.

एकदाच मी त्यांना कारण मान्य करताना बघितलं. सुट्टीच्या दिवशी कोल्लम आपल्या खोलीवर बिअर पीत बसला होता. खोली यार्डाला लागूनच. वेल्डिंगची ठिणगी पडून जुन्या टायरच्या ढिगाला आग लागली, आणि ढिगाशेजारी बस उभी. कोल्लमनं पळत जाऊन ती बस गेटाजवळ नेली, उतरला आणि बादल्या मारायला लागला. अंकल आले. आधी आग विझवली, मग कोल्लमला फुंकायला लावलं. आकडा बघून राइट-देन म्हणाला, याला आजच इंडियाला पाठवा.

अंकल कोल्लमसमोर उभे राहिले. "कितना दूर ले गया?"

"गेट तक, चाचा."

"आगे ले जाने का था?"

"नहीं चाचा. उतर के पानी मारा."

"दूसरा कौन था चलाने को?"

"कोई नहीं."

अंकल राइट-देनकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, हे रीझन आगीचं आहे. ह्याचं नाही." राइट-देननं मशीनवरचा आकडा परत एकदा बघितला. स्वतःचं कोर्ट आठवलं असणार. "राइट देन," म्हणाला आणि गेला. कोल्लम अंकलच्या पाया पडायला वाकला तर अंकलनी त्याला कॉलर धरून सरळ केलं. "तेरा रीझन पास हुआ. तू फेल है. हफ्ताभर बस धोयेगा."

असा माणूस. आणि त्या माणसाची एक मुलगी.

लवीना. दर रविवारी तिचा फोन यायचा. अंकल मराठीत बोलायचे, ती इंग्लिशमध्ये. लहानपणापासून तसंच. "जेवलीस काय गो?" "येस डॅडी." "थंडी हाय?" "ऑलवेज, डॅडी." "बरं." "ओके, बाय." एवढंच. फोन ठेवला की अंकल मला सगळं परत सांगायचे, जणू मी बहिरा आहे. "थंडी हाय म्हणते."

तिच्या हनुवटीवर एक खूण आहे. मी फोटोत बघितली होती आणि येड्यासारखं विचारलं होतं. अंकल कांदा कापत होते. म्हणाले, "मी केली ती." फार वर्षांपूर्वी सुट्टीवर वसईला गेले असताना एका लग्नातून पिऊन निघाले, स्कूटरवर मागं लवीना. वळणावर दोघं विहिरीच्या कठड्यावर गेले. हनुवटीला टाके पडले. पोरगी हॉस्पिटलात म्हणाली, परत ही वस्तू माझ्याजवळ आणलीस तर मी तुझ्याशी कधीच बोलणार नाही. त्या दिवसापासून अंकलनी सोडली. लवीनानं तर कधी जिभेलाही लावली नाही. लग्नात वाइनचा घोट असतो, तिच्या ग्लासात पाणी. कुणी प्यायलेलं असेल तर त्याच्या गाडीत बसायची नाही, चालत जायची.

"मंग ती बोलली ना परत?" मी विचारलं.

"बोलते ना. येस डॅडी, ओके डॅडी." आणि कांद्यामुळं आलेलं पाणी त्यांनी मनगटानं पुसलं.

मागच्या हिवाळ्यात एका सोमवारी पहाटे मी यार्डात पोचलो तर अंकल ऑफिसच्या मागं एकटेच उभे होते आणि मशीनमध्ये फुंकत होते. आकडा बघायचे, नळी बदलायचे, परत फुंकायचे. मला बघितल्यावर माझ्याही तोंडाला लावलं. शून्य.

"मशीन बरोबर आहे रे," ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं.

लवीनाला पोलिसांनी पकडलं होतं. इंग्लंडमध्ये तिची रेमेत मावशी असते, आंटीची धाकटी बहीण. रविवारी मिस्सानंतर लवीना तिच्याकडे जेवायला गेली होती. आठवडाभर सर्दी-तापानं बेजार होती, म्हणून मावशीनं काढा करून दिला. संध्याकाळी गाडी घेऊन घरी निघाली. मागचा एक दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं, त्यांना वास आला, फुंकायला लावलं. आकडा मर्यादेच्या थोडासा वर. स्टेशनवर नेऊन परत फुंकायला लावलं, तोच प्रकार. ती फोनवर रडत होती. "डॅडी, आय ओन्ली हॅड काढा. द मशीन इज राँग."

ज्या माणसानं अख्खं आयुष्य "मशीन खोटं नाय बोलत" असं सियालकोटला ऐकवलं, त्याला मुलगी सांगत होती की मशीन खोटं बोलतंय.

लवीना म्हाताऱ्या पेशंटच्या घरोघर जाणारी नर्स. इकडून तिकडं गाडीशिवाय जमत नाही. लायसन्स वर्षभर गेलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर व्हिसा. वकिलानं तिला स्पष्ट सांगितलं होतं. मशीन चुकलं म्हणून उभी राहिलीस तर हरशील. काढ्यात काही होतं का ते शोध. घालणारं माणूस कोर्टात येऊन बोललं, तर स्पेशल रीझन होऊ शकतं. आणि मावशी तर म्हणत होती, काढ्यात आलं आणि लवंग. बाकी काय नाय.

अंकलनी रजा मागितली. त्यांच्या जागी दुसरा माणूस येईपर्यंत रजा नाही. इंग्लंडचा व्हिसा मागायचा म्हटलं तर महिना कधी गेला कळलं नसतं. मग ते संध्याकाळी मला गाडीत घालून नुसते फिरायचे. बहारीन म्हणजे बेट. कुठल्याही रस्त्यानं निघा, थोड्या वेळात समुद्र येतो. समुद्र आला की अंकल गाडी वळवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या समुद्राकडं निघायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अंकल, बाटलीत सापडलेल्या माशीसारखं चाललंय आपलं." ते हसले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, "बार्शी, तू साहेबाच्या आवाजात जज्ज हो."

मला काय, कुणी आवाज काढ म्हटलं की मी तयारच. खुर्चीवर बसलो, गळा साफ केला. "राइट देन. काय रीझन आहे?"

अंकल माझ्यासमोर हात मागं बांधून उभे राहिले, लायनीतल्या ड्रायव्हरसारखे. "सर, ती नर्स आहे. लायसन्स गेलं तर नोकरी जाईल."

"दॅट इज अबाउट हर. नेक्स्ट."

"आईवेगळी पोर आहे, सर."

"अबाउट हर."

"अंतर थोडं होतं."

"किती थोडं?"

अंकल अडखळले. "मावशीच्या गावापासून... मधे दोन गावं लागतात."

"ते थोडं नाही. नेक्स्ट."

"सकाळी तिला ड्युटी होती."

"टॅक्सी नव्हती? मावशीच्या घरी झोपता येत नव्हतं? जीव कुणाचा जात होता?"

अंकलनी मागं बांधलेले हात सोडले आणि म्हणाले, "तू जज्ज चांगला आहेस रे. लय वाईट."

मी आपला माझ्याच आवाजात आलो. "अंकल, एवढं कशाला? मावशीला नीट विचारा की. काढ्यात काहीतरी असणारच. मशीन खोटं बोलत नाही, लवीना खोटं बोलत नाही, मग उरलं कोण? मावशी."

अंकल उठले, फ्रीज उघडला, आत बघत उभे राहिले. आत अंडी आणि अर्धं लिंबू. बराच वेळ बघितलं आणि फ्रीज बंद केला. काहीच काढलं नाही.

त्या आठवड्यात त्यांचं मावशीशी काहीतरी बोलणं झालं. दार लावून. शुक्रवारी मिस्साहून आल्यावर मला म्हणाले, "मावशी कबूल झाली. तिनंच रम घातली होती. स्वतःच्या मनानं. कोर्टात सांगणार आहे. आता तिला सवय पाहिजे. तू सरकारी वकील हो, व्हिडिओवर. सगळं विचार, उलटं सुलटं विचार. फक्त 'का' ते विचारू नको."

"का?"

"हे बघ, लागलास लगेच."

मी आंटीच्या जुन्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, गळ्यात टाय घातला, खाली बर्म्युडा. पडद्यावर रेमेत मावशी, जाड, स्वेटर घातलेली, रडून डोळे सुजलेले. शेजारी लवीना, हात छातीवर बांधून. मावशीनं तिला सकाळीच कबुली दिली होती, त्यामुळं दोघींच्या मधे एक अख्खी बस जाईल एवढी जागा. अंकल माझ्या मागं उभे.

"राइट देन," मी सुरू केलं. "मॅडम, काढ्यात काय काय घातलंत?"

"आलं, लवंग, दालचिनी, गवती चहा. गूळ."

"आणि?"

"रम."

"किती?"

"मापून कोण घालतं? आमच्यात सर्दीला घालतात तेवढी."

"लवीनाला सांगितलंत?"

"नाय."

मी लवीनाकडं वळलो. "वासावरून कळलं नाही?"

"माय नोज वॉज ब्लॉक्ड."

"चढल्यासारखं वाटलं नाही? डोकं हलकं, पाय जड?"

"हाउ वुड आय नो?" ती एकदम भडकली. "आय हॅव नेव्हर बीन ड्रंक! आय थॉट इट वॉज द फीवर!"

काय उत्तर होतं राव! मी जज्ज असतो तर तिथंच लायसन्स हातात दिलं असतं. खरं तर तिथं थांबायला पाहिजे होतं. पण एकदा आवाज लागला की माझी जीभ माझी राहत नाही, राइट-देनची होते.

"मॅडम, ही मुलगी दारूच्या वाऱ्याला उभी राहत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

अंकलनी माझ्या खुर्चीला लाथ मारली.

"विसरले," मावशी म्हणाली.

"रम घालायचं लक्षात राहिलं आणि सांगायचं विसरलात?"

आता लवीनाही मावशीकडे वळली. "येस, मावशी. व्हाय?"

मावशी पडद्यातून बघायला लागली. माझ्याकडं नाही. माझ्या खांद्याच्या वर. "भावोजी, हा पोरगा एवढा विचारतोय, तिथले तर सोलतील मला. मी बायबलवर हात ठेवून खोटं नाय बोलणार हां. तुम्ही सांगा, नायतर मी सांगते."

मी हळूच टाय सैल केला.

अंकल पुढं आले. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि वाकून पडद्यात आले, लायनीत पुढं यावं तसे. "लवी, मी सांगितलं होतं तिला. फोनवर. तू आठवडाभर खोकत होतीस. माझी आई मला तेच द्यायची, एका रात्रीत बरं वाटायचं. मी म्हटलं, नेहमीसारखा काढा कर, रम घाल, आणि तिला सांगू नको, नायतर ती घेणार नाय. मला वाटलं तू तिथंच झोपशील. ज्या दिवशी तुला पकडलं, त्याच दिवशी मला कळलं मशीन बरोबर आहे. मी नाय बोललो. मंग मावशीला म्हटलं, तू स्वतःवर घे. माझं नाव आलं तर तू परत..."

लवीनाचं बोट हनुवटीवर गेलं, तिथं थोडा वेळ राहिलं.

"ओके," ती म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

कोर्टात मावशीनं सगळं खरं सांगितलं. कुणी सांगितलं, का सांगितलं, का लपवलं. अंकलनीही आपलं म्हणणं लिहून, सही करून वकिलाला पाठवलं. कोर्टानं विश्वास ठेवला. गुन्हा कायम, लायसन्सवर दंडाचे पॉइंट पडले, पण लायसन्स राहिलं. नोकरी राहिली. हे आम्हाला मावशीनं कळवलं. लवीनानं नाही.

"बरं झालं," अंकल म्हणाले. मग धुतलेला कप परत धुवायला घेतला.

रविवारचा फोन बंद झाला. अंकलनी केलेला फोन ती उचलत नव्हती. मेसेजला दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. अंकलनी जे सोडवायचं ते सोडवलं होतं, आणि त्याच किल्लीनं स्वतःला आत कोंडून घेतलं होतं. यार्डात फुंकणं चालू होतं, पण स्पेशल रीझन बंद. कुणी खोकल्याचं औषध सांगितलं तर नुसतं "घर जा." कोल्लमनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बार्शी, चाचा को क्या हुआ? गाली भी नहीं देता." मी त्यांना हसवायला राइट-देनचा आवाज काढला तर म्हणाले, "नको रे तो आवाज." तेव्हापासून मी तो काढला नाही. घरी आम्ही दोघं जेवायचो, भात करपला तरी कुणी काही म्हणायचं नाही. मला तर वाटायला लागलं होतं की भिंती रोज थोड्या आत सरकतायत.

मग माझी बदली मीना सलमान बंदरावरच्या गोदामावर झाली. राहायलाही तिकडंच जायचं होतं. जायच्या दिवशी पहाटे मी बॅग घेऊन यार्डात आलो. मला सियालकोटच्या बसनं जायचं होतं. लाइन लागलेली, सियालकोट सगळ्यात पुढं, नळी तोंडात, गाल फुगलेले. आणि अंकलच्या खिशातला फोन वाजला.

त्यांनी नाव बघितलं. मशीन सियालकोटच्या हातात दिलं. घाईत फोन कानाला लावायच्या ऐवजी स्पीकर दाबला गेला.

"डॅडी!"

"हां... लवी... जेवलीस काय..."

"जेवण मरू दे!" आणि पुढं जे सुटलं ते मराठीत. जन्मात कधी एक वाक्य मराठीत न बोललेल्या पोरीकडून, थेट तिच्या आईच्या वसईच्या हेलात. "पोलीस स्टेशनात मी रडत होते, मशीन खोटं मशीन खोटं करत होते, आणि तू गप्प! एवढे दिवस गप्प! भीती वाटली म्हणून? ते कारण तुझं झालं! जे घडलं त्याचं कारण सांग मला! आता सर्दी झाली की मी काढा प्यायचा का नाय? मावशीनं काल परत करून आणला, मी अर्धा तास कपाकडं बघत बसले, येड्यासारखी! तुझ्यामुळं!"

अंकल खाली मान घालून उभे. हात मागं बांधलेले, फोन समोर पत्र्याच्या टेबलावर. मागं अख्खी लाइन. एकालाही मराठी येत नव्हतं, सगळ्यांना सगळं कळत होतं. कोल्लमनं टोपी काढली. बस सुटायची वेळ होऊन गेली. माझ्या आठवणीत आमच्या यार्डातून बस कधी उशिरा सुटली नव्हती.

सियालकोटनं नळी तोंडातून काढली आणि हळूच म्हणाला, "चाचा, लेट हो गया."

अंकलनी फोनवर हात ठेवला. चष्मा ओला झाला होता. "पेशल रीजन," ते म्हणाले, ड्रायव्हरांच्याच उच्चारात, आणि हात काढला.

"कुणाशी बोलतोयस? मी बोलतेय ना!"

"नाय गो, कुणाशी नाय. बोल."

"आणि लवंगा किती टाकायला सांगितल्या होत्यास मावशीला? घसा सोलून निघाला माझा! असा करतात काढा? फोन ठेवलास तर बघ हां. माझं झालेलं नाय अजून!"